सतराशे ऐंशीचे डॉलर

जयमाला गर्गे दुकानात शिरली की दुकानदार सावध होत. टोमॅटो दाबून बघायची, दुधाच्या बाटलीवरची तारीख चष्मा वर सरकवून वाचायची, बिलाची बेरीज तिथंच उभ्या उभ्या तोंडी करायची. दोह्यातल्या एका भारतीय शाळेत तिनं विज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली होती, आणि परीक्षा आल्या की वर्गावर देखरेखीला तिलाच पाठवत. कुठलं पोर केव्हा मान वळवणार हे तिला त्या पोराच्या आधी कळे. ती निवृत्त झाली तेव्हा मुलांनी टाळ्या जरा जास्तच वाजवल्या, असं तिचे यजमान अनंतराव सांगत. ते अजून गॅसच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होते. मूळचे दोघंही नाशिकचे. स्वभावानं अनंतराव अगदी उलटे. कुणी 'भाई, भरोसा रखो' म्हटलं की हे ठेवायचे.

अशा बाईला छंद लागला तो जुन्या चांदीच्या डॉलरांचा. अमेरिकेचे नव्हेत, ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेझा राणीचे. जाडजूड, हातावर ठेवलं की वजन जाणवणारं नाणं. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी दिसणारी राणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. तेल सापडण्याआधी अरबस्तानात हे नाणं सर्रास चालायचं, आणि बायका ते ओवून गळ्यात घालायच्या, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारखं. गंमत अशी की प्रत्येक नाण्यावर साल एकच, १७८०. राणी त्या साली वारली. पण व्यापाऱ्यांच्या ओळखीचा चेहरा तिचाच, म्हणून पुढे कितीतरी वर्षं व्हिएन्नात, लंडनमध्ये, चक्क मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा तेच साल घालून नाणी पाडत राहिले. ज्याच्यावरचं सालच खरं नाही ते नाणं खरं की खोटं हे ठरवायचं कसं, हा प्रश्न जयमालाला इतका आवडला की तिनं सोन्याच्या बांगड्या करायच्या सोडून हे डॉलर जमवायला घेतले. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, फ्रिजवरचं लोहचुंबक आणि एक भिंग, एवढी सामग्री तिच्या पर्समध्ये कायम असे.

वर्ल्ड कपला अजून चार वर्षं होती. सगळं शहर उकरून ठेवलेलं. फरीज बिन ओमरानमधल्या तिच्या घरासमोरचा रस्ता आज इकडून वळवलेला असे, उद्या तिकडून. अशा दिवसांत एकदा ती नजमा भागातल्या एका चांदीच्या कारागिराकडे पैंजण दुरुस्तीला घेऊन गेली. तिथं काळा अबाया घातलेली एक म्हातारी कारागिराच्या अगदी डोक्याशी उभी होती. त्याच्या हातातली माळ क्षणभरही नजरेआड होऊ देत नव्हती.

"अकरा हायत," ती त्याला हिंदी-मराठीच्या खिचडीत बजावत होती. "दिलेत ते अकरा, घेणार ते अकरा."

माळेत सगळे राणीचे डॉलर होते. जयमालाचं पैंजणावरचं लक्ष उडालं.

"मावशी, तुम्ही कोकणातल्या का?"

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला कशाला पायजे?"

ही रुकैयाबी. श्रीवर्धनची. नवरा गलबतावर होता. त्याच्याबरोबर तरुणपणी इकडे आली ती इथलीच झाली. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मुलगा रहमान जुनी घरं पाडणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. नजमातच, एका बैठ्या घरात ती मुला-सुनेबरोबर राहायची. एवढी माहिती काढायला जयमालाला तीन वेळा त्या कारागिराकडे जावं लागलं. माळ विकणार का, असं विचारल्यावर रुकैयाबी म्हणाली, "ही सासूची. गावाकडच्या नातीला देणार. हात लावू नको."

पण महिन्याभरानं तिचाच फोन आला. सासूची आणखी एक माळ होती म्हणे, ती मोडून एकेक डॉलर द्यायला ती तयार होती.

"अहो, आधी म्हणाली नाही, आता म्हणते हो," जयमाला अनंतरावांना म्हणाली. "काहीतरी आहे."

"विचार बदलला असेल."

"विचार उगीच बदलत नाही."

गेली मात्र. रुकैयाबीच्या घरी चटईवर दोघी समोरासमोर बसल्या. जयमालानं नाणं वजनाला ठेवलं, चुंबक लावलं, फरशीवर हलकेच आपटून नाद ऐकला, भिंगातून कडेवरची उठावाची अक्षरं तपासली. ती अक्षरं खोटं नाणं पाडणाऱ्याला सहसा नीट जमत नाहीत. सगळं व्यवस्थित होतं. तिनं नोटा दिल्या. रुकैयाबीनं प्रत्येक नोट खिडकीपाशी जाऊन उजेडात धरली, बोटानं घासली आणि वास घेतला.

"वास कशाला घेता?"

"तू वाजवून कशाला बघतेस?"

तेव्हापासून महिन्या-दीड महिन्यानं एक डॉलर ठरलेला. प्रत्येक वेळी तेच वजन, तोच नाद, तीच उजेडात धरलेली नोट. रुकैयाबी तिला 'मास्तरीण' म्हणू लागली. प्रत्येक नाण्याला एक गोष्ट असे. हा सासूला मोत्याच्या व्यापाऱ्यानं दिलेला, तो झांझिबारहून आलेला, हा गलबत बुडालं तेव्हा सासऱ्याच्या कमरेला होता. जयमाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची. "मागच्या वेळी गलबत मस्कतजवळ बुडालं होतं, आता एडनजवळ?" "दोन गलबतं होती गो!" भांडणं चालत, काळा चहा येई, रहमानची बायको रबिया "हो अम्मी" म्हणत कप ठेवून निघून जाई.

सातव्या नाण्याच्या वेळी जयमालाच्या डोक्यात खटकलं. घरी तिनं सगळी नाणी टेबलावर मांडली आणि भिंगाखाली त्यांना ओवण्यासाठी जोडलेल्या कड्या बघितल्या. ओवलेलं नाणं वर्षानुवर्षं गळ्यात असलं की दोरा घासून कडी आतून झिजते. कारागिराकडे बघितलेल्या त्या माळेच्या कड्या सुतासारख्या बारीक झाल्या होत्या. या सातांपैकी एकाही कडीला झीज नव्हती. डाग देऊन नुकतीच जोडलेली चांदी आतून चकचकीत, आणि बाहेरून लोबानाचा धूर दिल्यासारखी काळपट. नाकाशी धरलं तर वाससुद्धा येत होता.

नाणी खरी होती. कड्या मात्र कालपरवाच्या.

"म्हणजे माळ नव्हतीच," ती जेवताना म्हणाली. "मग नाणी येतात कुठून?"

"बाजारातून?" अनंतराव म्हणाले.

"रहमान काय काम करतो?"

रहमान जुनी घरं पाडायचा. मेट्रोसाठी, रस्त्यासाठी, नव्या इमारतींसाठी सगळ्या जुन्या वस्त्या भुईसपाट होत होत्या. कुठल्या घराच्या फरशीखाली कुणी कधीकाळी मडक्यात डॉलर पुरून ठेवले असतील, ते मिळाले असतील, तर ते गुपचूप विकायचा याहून चांगला मार्ग कोणता? आई म्हणते सासूची माळ, आणि एक भोळी हिंदू मास्तरीण घेते. जमिनीखाली सापडलेलं जुनं काही सरकारला द्यावं लागतं, एवढं जयमालाला माहीत होतं. पकडले गेले तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आणि अनंतरावांची इतक्या वर्षांची चाकरी पोलीस चौकीत संपेल.

"तू भोळी?" अनंतराव एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. नाणी तिनं आधी रव्याच्या डब्यात ठेवली, मग तिथून काढून शिलाई मशीनच्या खणात. खालचा वॉचमन बशीर नेहमीसारखा सलाम करायचा, तर तिला वाटायचं आज जरा जास्त वेळ बघितलं. जिन्यात अनोळखी माणूस दिसला की ती दार लावून आतून ऐकत उभी राहायची. रुकैयाबीचा फोन आला की उचलायची, आणि बोलण्यात कुठं काही निसटतंय का ते ऐकायची. एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "रहमान आजकाल कुठल्या भागात घरं पाडतोय?" पलीकडून लगेच उलट सवाल आला, "तुला कशाला पायजे?"

मग मात्र तिची खात्रीच झाली.

खुलासा झाला तो सूक वाकिफच्या जुन्या बाजारात, भर दुपारी. जयमाला तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला आडून आडून विचारायला गेली होती, की इतक्यात बाजारात कुठून पुष्कळ डॉलर आलेत का. दुकानाच्या दाराशीच तिला ओळखीचा आवाज ऐकू आला. काळे अबाये तिथं शंभर असतील, पण हा आवाज एकच.

"हा वाजत नाय. दुसरा दाखव."

रुकैयाबी काउंटरवर डॉलर एकेक करून आपटत होती. कान जवळ नेऊन नाद ऐकत होती. कडेवरची अक्षरं नखानं चाचपत होती. जयमालानं चटईवर केलेल्या सगळ्या हालचाली, जशाच्या तशा. चार नाणी बाजूला सारून तिनं पाचवं निवडलं.

जयमाला खांबामागून पुढे आली. "सासू आजकाल इथं बसतात का?"

रुकैयाबी दचकली, पण तेवढ्यापुरतीच. "माझ्या मागं मागं फिरतेस?"

"मला वाटलं रहमानला जमिनीत सापडली. कितीतरी रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही! तुम्ही सरळ सांगायचं ना, की विकत आणून, कडी लावून, धूर देऊन देते."

"सरळ सांगितलं असतं तर तूच येऊन घेतलं असतंस की दुकानातून. माझ्याकडं कशाला आली असतीस?" म्हातारीचा आवाज चढला. दुकानदार मुकाट्यानं नाणी गोळा करू लागला. "दहा-वीस रियाल मला सुटत होते, ते खोटं नाय. पण त्यासाठी नव्हतं गो. घरात माझ्याशी भांडायला कोण हाय? रहमान दमून येतो. सून 'हो अम्मी' म्हणते आणि मोबाईल बघते. तू येतेस, माझं खोटं पकडतेस. दुसरं गलबत मी तुझ्यासाठी बुडवलं."

दुसरी एखादी बाई विरघळली असती. जयमाला रागानं लाल झाली. नाणी खरी म्हणून काय झालं, गोष्टी खोट्या होत्या. आणि त्या गोष्टी ऐकायला तिला आवडत होतं हे तिला त्याहून लागलं. "माझ्या मुलाला चोर म्हणालीस," असं रुकैयाबी मागून ओरडली, तोवर ती दुकानाबाहेर पडली होती.

मग कोरोना आला, दारं बंद झाली, आणि न बोलण्याला आयतं निमित्त मिळालं. मधल्या काळात जयमालानं एकही डॉलर घेतला नाही. दुकानात जायची, वाजवायची, परत ठेवायची. अनंतराव विचारायचे, "काय झालं, खोटा होता?" ती म्हणायची, "नाही."

वर्ल्ड कपच्या आधीच्या उन्हाळ्यात रबियाचा फोन आला. नजमातलं घर मालकानं रिकामं करायला सांगितलं होतं. रहमान आणि ती एका छोट्या फ्लॅटमध्ये जाणार, अम्मी कायमच्या श्रीवर्धनला. "अम्मी म्हणतात, मास्तरणीला सांग. येऊ नको म्हणावं."

जयमाला दुसऱ्याच दिवशी गेली.

घरात खोकी होती, चटई तेवढी तशीच. रुकैयाबीनं सलाम केला नाही की चहा विचारला नाही. अबायाखालून तिनं अकरा डॉलरांची माळ काढली आणि पुढे ठेवली. "तू हिच्यावर डोळा ठेवून होतीस ना पहिल्या दिवसापासून? बघ. घे तपासून. नातीला देताना मला माहीत पायजे."

जयमालानं भिंग काढलं. वेळ लावून एकेक नाणं पाहिलं. सहाव्यापाशी थांबली. नवव्यापाशी पुन्हा थांबली. दोन्हींच्या कडेवरची अक्षरं साच्यात ओतल्यासारखी बोथट होती, आणि फरशीवर वाजवली तर नाद डब्याच्या झाकणासारखा. कड्या मात्र झिजून बारीक झालेल्या. म्हणजे पन्नास-साठ वर्षं ती दोन खोटी नाणी बाकीच्या नऊ खऱ्यांबरोबर गळ्यात होती.

आयुष्यात पहिल्यांदा जयमालाला वाटलं, गप्प बसावं. "छान आहे माळ," ती म्हणाली.

रुकैयाबीनं डोळे बारीक केले. "खोटं बोलतेस."

"नाही हो."

"मास्तरीण, तुला खोटं बोलता येत नाय. मला येतं, म्हणून कळतं. कुठले?"

जयमालानं दोन नाण्यांवर बोट ठेवलं. रुकैयाबीनं ती नखानं चाचपली. मग म्हातारीचे खांदे हलायला लागले. जयमाला घाबरून पुढे झाली, तर रुकैयाबी हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"मला लग्नाच्या दिवसापासून संशय होता!" ती म्हणाली. "माळ घालताना सासू म्हणाली, माझ्या लेकीसारखी तू, सगळं तुला. आणि थोरल्या जावेकडं बघून हसली. मी नवऱ्याला सांगितलं, तुझ्या आईनं काहीतरी केलंय. तो म्हणाला, तुला सवय हाय संशयाची. मेला तोपर्यंत हेच म्हणत होता. आज असायला पायजे होता गो तो!"

जयमालाही हसायला लागली. रबिया स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

चहा आला. जयमालानं पर्समधून, नमुना म्हणून जवळ ठेवलेले स्वतःचे दोन डॉलर काढले. दोन्ही रुकैयाबीकडूनच घेतलेले, पहिला आणि चौथा. "हे ओवा त्यांच्या जागी. नातीला खोटं जायला नको."

रुकैयाबीनं आभार मानले नाहीत. आधी दोन्ही नाणी फरशीवर वाजवली, कड चाचपली, मग खिडकीपाशी नेऊन बघितली. "माझेच हायत," ती समाधानानं म्हणाली. "चांगले निवडले होते मी." दोघींनी मिळून जुना दोरा उसवला, दोन खोटी जयमालाच्या पर्समध्ये गेली, आणि माळ पुन्हा ओवली. गाठ कुणी मारायची यावरून थोडं भांडण झालं. शेवटी दोघींनी एकेक मारली.

निघताना जयमाला दारात घुटमळली. "रहमानबद्दल मी जे म्हणाले ते..."

"त्याला मी सांगितलंच नाय," रुकैयाबी म्हणाली. "आज तू आली नसतीस तर सांगणार होते."

रुकैयाबी गेली. दोह्यात परदेशी पाहुणे उतरू लागले, झेंडे लागले, रस्ते अचानक जागच्या जागी राहायला लागले. स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात श्रीवर्धनहून फोन आला. तब्येत, सुपारीची बाग, भाचेसुनेचा स्वयंपाक, सगळ्याविषयी तक्रारी झाल्या. माळ नीट पोचली होती. विमानतळावरच्या माणसानं ती हातात घेतली तेव्हा रुकैयाबीनं त्याच्यासमोर मोजून घेतली होती.

"आणि गो, ती दोन खोटी तुझ्याकडंच हायत ना? काय केलंस त्यांचं?"

"आहेत खणात."

"कुणाला विकली तर नायस?"

"रुकैयाबी! खोटी नाणी मी विकेन का?"

"तू नाय विकणार," पलीकडून आवाज आला. "पण तुझा नवरा भोळा हाय. खणाला कुलूप लाव."

जयमालानं अनंतरावांकडे पाहिलं. ते सोफ्यावर बसून टीव्हीवर सामन्यांची जाहिरात बघत होते. ती उठली आणि किल्ली शोधायला लागली.