पहिली कमेंट

आमच्या सोसायटीतला एक तरुण दुपारभर खाली बाकावर बसतो, मांडीवर लॅपटॉप घेऊन. ऐरोलीची नोकरी गेल्यापासून ब्लॉग लिहितो, म्हणजे इंटरनेटवर लेख टाकतो. लेख कसले, तर ब्लॉग यशस्वी कसा करायचा याचे. त्याचा स्वतःचा ब्लॉग कुणी वाचत नाही. हे त्याला कळत नाही, असं मी धरून चालले होते.

सल्ला देताना तो एक डोळा बारीक करतो. "एकच विषय धरायचा, मावशी. ठरल्या वारी लेख पडलाच पाहिजे." सारसोळ्याच्या मासेवालीलाही त्याने माशांवर ब्लॉग काढायला सांगितलं. ती म्हणाली, "आनि म्हावरा कोन इकल, तुजा बापूस?" तो हसला नाही. मथळा कसा द्यायचा ते सांगत राहिला.

परवा तो धावतच आला. "मावशी, कमेंट आली! पहिली!"

मी वाचून दाखवायला लावली. कुणा बाईने लिहिलं होतं, तुमचे लेख वाचून मी नोकरी सोडली, ब्लॉग काढला, पण कुणी फिरकत नाही. घरात रोज भांडणं होतात. आता काय करू?

त्याचा चेहरा फुलला होता. मोठ्याने म्हणत तो टाइप करू लागला, "धीर सोडू नका. नियमित लिहीत राहा."

"अरे, खरं सांग तिला. नोकरी बघ म्हणावं."

तो थांबला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "खरं सांगितलं तर ती परत वाचायला येईल का, मावशी?"

आणि त्याने उत्तर पाठवून दिलं.