मशीनकाकांनी रक्त पिळून घेतलं

कपडे धुण्याच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं तोंड कुणी बघत नाही. तो येतो, गुडघे टेकतो, मशीनमागे वाकतो, आणि तासभर घरच्यांना दिसतो तो नुसता माथा. मशीनकाकांचं पंचवीस वर्षं असंच चाललं होतं. त्यात माथा म्हणजे चकचकीत मैदान, कडेनं कुंपणापुरते केस.

एकदा बाजारात एक जुन्या गिऱ्हाईकबाई समोर आल्या. काका हसले. बाई आपल्या कोण बरं, कोण बरं, अशा बघत राहिल्या. काकांच्या पिशवीतून लिंबू घरंगळलं, ते उचलायला वाकले, तशा बाई म्हणाल्या, "अगंबाई, मशीनवाले होय तुम्ही."

हे काकांना फार लागलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "मला केस पाहिजेत."

"मग मी काय लपवून ठेवलेत?" काकू म्हणाल्या. पण दवाखान्यात घेऊन गेल्या त्याच.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की तुमचंच थोडं रक्त काढायचं, मशीनमध्ये गरागरा फिरवायचं, म्हणजे केस उगवणारं पिवळसर पाणी वेगळं होतं. मशीन म्हटल्यावर काकांचे कान तिथेच अडकले. "म्हणजे स्पिन," ते खूश होऊन म्हणाले. पुढचं सगळं काकूंनी एकटीनं ऐकलं, आणि पोटात ठेवलं. कारण काकांना विजेचा झटका चालतो, सुई चालत नाही.

ठरल्या दिवशी दारातच काकांनी सांगून टाकलं, "एका सुईपुरता धीर आणलाय. दुसरी टोचाल तर मी निघालो."

मदतनीस मुलगी नवी होती, पण हात हलका. काका छताकडे बघत राहिले, काकूंचा हात दाबून दाबून पांढरा केला, आणि रक्त निघालं. मग तिनं माथ्यावर बधिर करायचं मलम जाड थापलं, अर्धा तास बसा म्हणाली, आणि रक्ताची नळी घेऊन आतल्या खोलीत गेली.

जरा वेळानं आतून धडधड ऐकू आली. काकांनी मान वाकडी केली. "लोड एका बाजूला आहे," म्हणाले आणि उठलेच.

आत ती मशीन टेबलाच्या काठाकडे निघाली होती आणि मुलगी तिला दोन्ही हातांनी धरून होती. काकांनी आधी बटण बंद केलं.

"समोरच्या खोबणीत काय ठेवलंस?"

"समोर तेवढंच पाणी भरलेली नळी ठेवायची असते, काका. विसरले."

"एकीकडे ओलं ब्लँकेट, दुसरीकडे हवा. नाचेल नाही तर काय."

"आता झाकण पण उघडत नाहीये," मुलगी रडवेली झाली. "नाहीच उघडलं तर रक्त परत घ्यावं लागेल."

बास. काकांच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर बाहेर आला. झाकणाला चार स्क्रू. आता काकांच्या दोन सवयी: विचार करताना डोकं खाजवायचं, आणि काढलेला स्क्रू ओठांत धरायचा. डोक्यावरचं मलम बोटांना, बोटांचं स्क्रूला, स्क्रूचं ओठांना. तिसऱ्या स्क्रूपर्यंत खालचा ओठ कुठे गेला ते काकांना कळेना. पण झाकण निघालं. नळी धडधाकट होती. काकांनी ती तान्ह्या बाळासारखी उचलली. मुलीनं समोर पाण्याची नळी ठेवली, काकांनी झाकण बसवून हातानं दाबून धरलं, आणि मशीन अशी गुणगुणत फिरली की बघत राहावं.

फिरणं झालं, नळ्या निघाल्या आणि काका स्क्रू लावायला बसले, तर तीनच.

"गिळलात की काय?" मागोमाग आत आलेल्या काकू म्हणाल्या.

काकांना सांगता येईना. तोंडात जीभ आहे की नाही याचीच खात्री नव्हती.

"आ करा."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा काकूंचं बोट नवऱ्याच्या गालफडात होतं आणि मुलगी टेबलाखाली रांगत होती. बाईंनी काकांना खुर्चीत बसवलं, मलम पुसायला घेतलं, तर माथ्यावर मलमात रुतलेला चौथा स्क्रू निघाला.

"हा आमच्या उपचारात नसतो," त्या म्हणाल्या, आणि पिवळं पाणी सुई लावलेल्या सिरिंजमध्ये भरू लागल्या.

काकांचे डोळे मोठे झाले. त्यांना वाटलं होतं, तेलासारखं चोळणार.

"बारीक बारीक टोचणार आहे, तीसेक," बाई म्हणाल्या.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या. मग काका बोलायला लागले, चांगलं लांबलचक बोलले, पण सगळं हनुवटीवर सांडलं.

"काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"टोचा म्हणतायत," काकूंनी त्यांचा खांदा घट्ट धरला. "एवढ्या मेहनतीनं स्वतः वाचवलेलं रक्त, वाया कसं घालवतील?"

उलट उत्तर द्यायला काकांपाशी ओठ नव्हते. डोळे मिटून ते मनात सुया मोजू लागले. अकराव्या सुईला त्यांच्या लक्षात आलं, की काहीच लागत नाहीये. तशी त्यांनी ऐटीत पायावर पाय टाकला, आणि बोटानं कपाळाजवळची एक जागा दाखवली. इथे राहिली.