देवयानी आणि मधू

गेली आठ वर्षं मी लोकांना देवयानी दीर्घिकेबद्दल चुकीचं सांगत आलो. वाचनालयातल्या माझ्या वार्षिक भाषणात सर्पिल, लंबवर्तुळाकार, अनियमित अशा सगळ्या दीर्घिका पडद्यावर येत आणि मी हात फैलावून म्हणे, “या सगळ्या आपल्यापासून दूर चालल्यात. ही देवयानीसुद्धा!” चित्रं बदलायला माझा मित्र मधू असे. नेमका त्या वाक्याला तो मान खाली घालून चष्मा पुसायचा. मला वाटायचं, विश्वाच्या अफाटपणाने गहिवरला बिचारा.

काल एक निवृत्त शिक्षिका उठून म्हणाल्या, “अहो, देवयानी आपल्याकडे येतेय. तिच्या प्रकाशातल्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या असतात.” सगळे हसले. मी मधूकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

माणसं किती लांबचं मोजतात! प्रकाशातली रेषा तांबड्याकडे किती सरकली ते पाहायचं, की कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका किती वेगाने दूर चाललीय ते कळतं. आणि चार हातांवर बसलेला जिवलग आठ वर्षं मला हसतोय, हे मला कळू नये? देवयानीबद्दल चुकलो याचं फार काही नाही. मधूबद्दल चुकलो, ते जिव्हारी लागलं.

खुर्च्या आवरताना विचारलं, “मध्या, तुला माहीत होतं?”

“पहिल्या वर्षापासून.”

“आणि गप्प बसलास? मित्र ना तू माझा?”

“दोनदा सांगितलं होतं,” पडदा गुंडाळत तो म्हणाला. “दोन्ही वेळा तूच बोलत होतास.”