वरणाचा फेस आन् फायटरचं घरटं

मंडळी, आज सकाळी आमच्या सासूबाईनं माह्या टाकीतलं घरटं पळीनं काढून घेतलं!

ज्याइले माहीत नाही त्याइच्यासाठी सांगते. फायटर मासा, म्हणजे त्याच्यातला नर, पाण्यावर बुडबुड्याचं घरटं करते आन् त्यात अंडे सांभाळते. याआधी दोनदा माहे अंडे वाया गेले. काल तिसऱ्यांदा दिसले, तं मादीनं खाऊ नये म्हणून तिले मी लगेच दुसऱ्या बरणीत ठेवलं.

आज मालेगावच्या बाजारातून भाजी घेऊन आली, तं टाकीत फेसच नाही. सारा वाटीत!

"आत्याबाई, हे काय केलं?"

"अवं, वर घाण आली होती. वरणाचा फेस काढतो तसा काढला."

मले रडूच आलं. त्याइचंही तोंड एवढंसं झालं. नशीब, वाटी अजून मोरीत ओतली नव्हती. हळूच टाकीत सोडली. अंडे तळाशी गेले.

आन् तो पठ्ठ्या! एकेक अंडं तोंडात धरून वर नेऊ लागला, नवे बुडबुडे फुंकू लागला. दुपारपर्यंत घरटं पुन्हा तयार.

आता आत्याबाई टाकीसमोर खुर्ची टाकून बसल्या आहेत. "पंखा बंद कर, त्याचं घर हालून राह्यलं," म्हणे. मंग हळूच बोलल्या, "बाप असून एवढं करते! आमच्या घरात कोणी पाळणाही हालवला नाही."

मामंजीनं पेपर आणखी वर धरला.

उद्या-परवा पिल्लं निघतीन. तोवर खरं सांगा, तुमच्या घरी पाळणा कोण हालवते?