तात्यांचा वॉशिंग्टन, माझा रुझवेल्ट

सहार विमानतळावर आईनं माझ्या हातात लाडवांचा डबा दिला, धाकटी सुमा रडली आणि तात्यांनी मला गृहपाठ दिला. "वॉशिंग्टन, लिंकन, रुझवेल्ट," ते म्हणाले. "यांतला सर्वांत थोर अध्यक्ष कोण, ते तिथं राहून ठरव आणि कारणांसहित कळव." आजूबाजूला बाकीचे वडील लेकींच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझे वडील बार्शीच्या हायस्कुलात तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत आले होते, त्यांना निरोप द्यायची एवढीच रीत ठाऊक होती. साल एक्क्याऐंशी. लग्नाला दोन महिने झाले होते. सुधीर, माझा नवरा, डेट्रॉइटजवळ मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि त्यानं तात्यांना शब्द दिला होता की पाच वर्षं राहू, मग परत येऊ.

हे मी सुमासाठी लिहिते आहे. माझ्यासारखे जे निघून आले त्यांनीही वाचलं तर बरं, कारण आपण मागच्यांशी कसे बोललो हे आपल्यालाच नीट आठवत नाही.

आम्ही राहत होतो त्या नोव्हाय गावात तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. सुधीर सकाळी कामावर गेला की अपार्टमेंटमध्ये मी आणि फ्रीजचा आवाज. ड्रायव्हिंग येत नव्हतं, बर्फात चालता येत नव्हतं, आणि बोलायला कुणी नसेल तर माझ्यासारख्या बाईचं काय होतं ते सांगायला नको. तात्यांनी मला चौथीपासून वक्तृत्व स्पर्धांसाठी तयार केलं होतं. घंटा होण्याआधी थांबायचं नाही, दिलेली मिनिटं पुरेपूर वापरायची, आणि समोरच्याचा मुद्दा खोडल्याशिवाय आपला मांडायचा नाही, हे त्यांचे नियम. गृहपाठ मी मनावर घेतला. लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि एअरोग्रामवर मुंगीएवढ्या अक्षरांत उत्तर लिहिलं की रुझवेल्ट.

पुढच्या वर्षी सुधीरनं कुणाबरोबर तरी बार्शीला रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन पाठवला आणि आमचा वाद कागदावरून कॅसेटवर आला. पोस्टावर तात्यांचा भरवसा नव्हता. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांच्या बॅगांतून एकच कॅसेट वर्षातून दोन-तीनदा इकडून तिकडे जायची. तिची एक बाजू आईची, तिच्यावर गावातल्या बातम्या आणि मेतकुटाचं प्रमाण. दुसरी बाजू आम्हा दोघांची, तीस मिनिटांची. तात्यांचं भाषण ऐकायचं, मुद्दे टिपून घ्यायचे आणि त्याच्यावरच, ते पुसून, आपलं उत्तर रेकॉर्ड करायचं. नव्या कॅसेटी पाठवते म्हटलं तर ते ऐकेनात. "फळा पुसल्याशिवाय पुढचा धडा सुरू होत नाही," असं त्यांचं म्हणणं. "उत्तर मिळालं की मागचा मुद्दा संपला. पुन्हा उगाळायचा नाही."

तात्या वॉशिंग्टनचे. कारण एकच, तो घरी गेला. लोक त्याला आणखी चार वर्षं बसवायला तयार होते, पण दोन मुदती झाल्यावर हा गडी उठला आणि आपल्या शेतावर परतला. ट्रूमनही त्यांना आवडायचा, कारण काम संपल्यावर तो आगगाडीत बसून आपल्या गावी गेला. लिंकन थोरच, पण त्या बिचाऱ्याला घरी जायची संधीच मिळाली नाही, म्हणून त्याला स्पर्धेत धरायचा नाही. भाषण संपलं की ते वर्गात म्हणायचे तसं "वर्ग सुटला" म्हणत आणि टेप बंद करत.

माझा रुझवेल्ट चार वेळा निवडून आला होता. पायांत बळ नव्हतं, देश कंगाल झालेला, नंतर महायुद्ध, आणि हा माणूस खुर्ची सोडून गेला नाही. काम अर्धं टाकून घरी जाणं हा कसला थोरपणा, असं मी बजावून सांगत असे. यावर तात्यांनी एकदा उत्तर दिलं होतं, "आणि शेवटी गेला कुठं? घरापासून लांब. बायकोसुद्धा जवळ नव्हती." मला तो मुद्दा वादाला सोडून वाटला होता. आमची नेहा तीन वर्षांची असताना तात्यांचा वर चढलेला आवाज ऐकून म्हणाली, "व्हाय इज आजोबा मॅड?" मी म्हटलं, चिडले नाहीत गं, शिकवतायत. सुधीर मात्र हसायचा. "यार, तू वडिलांशी बोलतेयस की डिबेट जिंकतेयस?"

आज विचार केला की माझीच मला लाज वाटते. सुशिक्षित बाई, दुसऱ्याच्या बोलण्यातली फट मला लगेच दिसायची, आणि एक म्हातारा दर वेळी अमेरिकेचा इतिहास पुढे करून आपल्या मुलीला विचारतोय की तू परत कधी येणार, हे मात्र दिसलं नाही. की दिसत होतं आणि मी बघत नव्हते, देव जाणे. पाच वर्षं शहाऐंशीत भरली. त्याच उन्हाळ्यात आम्ही नोव्हायला घर घेतलं. पत्रात मी घराचं लांबलचक वर्णन केलं, मागच्या अंगणातल्या मेपलसकट, आणि परतण्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पुण्याहून आलेला एक विद्यार्थी कॅसेट देऊन गेला. ओळखीच्या मालतीकाकू सोमवारी इंडियाला निघाल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "अगं, बॅग क्लोज करायचीय मला. उद्या संध्याकाळपर्यंत ड्रॉप कर, नाहीतर मग एकदम समरलाच कुणीतरी जाणार." रविवारी सकाळी मी किचन टेबलाशी वही घेऊन बसले आणि टेप लावला. तात्यांचा आवाज बसलेला होता. सर्दी असेल असं वाटलं. पुन्हा वॉशिंग्टनच, पण या वेळी बोलणं रेंगाळत होतं. मुदत भरल्यावर माणसानं उठावं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी वहीत 'पुनरुक्ती' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. ते "वर्ग सुटला" म्हणाले. कॅसेटची पट्टी अजून शिल्लक होती, पण मला आता दम नव्हता. मी टेप थांबवला, कॅसेट मागे नेली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

आयुष्यातलं माझं ते सर्वांत चांगलं भाषण. कठीण काळात जो जागा सोडत नाही तोच थोर, घरी जाणं कुणालाही जमतं, असं मी निरनिराळ्या तऱ्हांनी पटवून दिलं. कुठं अडखळले नाही. तीस मिनिटं भरली आणि कॅसेट आपोआप थांबली, तेव्हा माझं शेवटचं वाक्य नुकतंच संपलं होतं. संध्याकाळी मालतीकाकूंकडे ती देऊन आले आणि त्या आठवड्यात मी भलतीच खुशीत होते.

जानेवारीत शेजाऱ्यांकडून फोन आला की तात्या गेले. मी पोचले तोवर चार दिवस झाले होते. गिळायला त्रास होतो म्हणून भाद्रपदात सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, मग मिरजेला ऑपरेशन झालं आणि त्यातून ते सावरले नाहीत. यातलं एक अक्षर मला कुणी कळवलं नव्हतं. मी आईवर चिडले. सुमा दारात उभी होती, ती आत निघून गेली. आईनं मला शेजारी बसवलं.

"तुला त्यांनी सांगितलं होतं की गं," आई म्हणाली. "त्या टेपात. भाषण झाल्यावर मला चहा टाकायला पाठवलं आणि दार लोटून तुझ्याशी बोलत होते. बाहेर येऊन म्हणाले, लेकीला ये म्हटलंय, ऑपरेशनच्या आधी ये म्हटलंय."

आई पुढं सांगत गेली.

"मग तुझी टेप आली. दोघांनी मिळून ऐकली. संपल्यावर म्हणाले, तिचं उत्तर आलं, आता पुन्हा विचारायचं नाही. तिला आजाराचं कळवायचंही नाही, उगाच धर्मसंकटात पडेल. मला म्हणाले, बोलली मात्र छान. एक शब्द अडखळला नाही."

त्यांनी कुठल्या शब्दांत बोलावलं, हे आता कुणालाच ठाऊक नाही. नाव घेतलं असेल का, की बाळ म्हणाले असतील? आयुष्यभर न सांगितलेलं काही सांगितलं असेल का? ती कॅसेट मी बार्शीतच बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. कुठंतरी एखादा शब्द, निदान एखादा खोकला राहिला असेल म्हणून ऐकली. सगळीकडे मीच होते. एक सेकंदसुद्धा मी त्यांच्यासाठी ठेवला नव्हता.

आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "अडचण असणार तुझी," ती म्हणाली. "नवं घर, लहान पोर, सुधीररावांची नोकरी. मी काही मनात ठेवलेलं नाही, तूही ठेवू नकोस." तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. पण मग तिला कळलं असतं की तात्या फुकटच ते दुःख घेऊन गेले. लेकीला यायचं नव्हतं हे ती कसंबसं पचवून बसली होती. लेकीनं बटण दाबायची घाई केली, हे तिला कसं पचलं असतं? मी मान हलवली आणि तिनं दिलेली माफी घेतली. पुढे अनेक वर्षं ती नोव्हायला येऊन राहायची, मेपलखाली खुर्ची टाकून बसायची, आणि एकदाही तिनं मला टोचून काही म्हटलं नाही. ते फार जड जायचं.

सुमे, आई गेल्याला आता वर्ष होईल. बार्शीचं घर तू म्हणालीस तसं विकलं, मी सही केली. तू माझ्याशी सणावारी बोलतेस, पोराबाळांचं विचारतेस, आणि तात्यांचा विषय निघाला की फोन तुझ्या नवऱ्याच्या हातात देतेस. तुझं चुकत नाही. मी न केलेल्या गुन्ह्याची माफी आई मला देऊन गेली, केलेल्याची मागायची तर आता एकटी तूच उरली आहेस. इथं माझं घर आहे, नातवंडं आहेत, मतदानाचा हक्क आहे. पण घरी जायचं असं मनात येतं तेव्हा सोलापूरच्या तुझ्या फ्लॅटचा दरवाजाच डोळ्यांपुढे येतो, आणि तो तू उघडशील की नाही ते मला माहीत नाही. उघडला नाहीस तरी एवढं ठेवून घे. मी तात्यांना नाही म्हटलं नव्हतं गं. मी त्यांचं ऐकलंच नव्हतं.