गायरीवरच्या माशा

विमलाला काळजी करायला कारण लागत नसे, आणि आता तर चांगलं दणदणीत कारण मिळालं होतं. तिची मुलगी दिव्या आज दुपारी इस्पितळातून मसुऱ्याला येणार होती, चार-सहा दिवसांच्या लेकीला घेऊन. नवरा गेल्यापासून विमला घरात एकटीच. पहिलं बाळंतपण माहेरी, एवढ्या एका रिवाजाच्या जोरावर तिने लेक महिनाभर मागून घेतली होती. कट्टा गावच्या विहीणबाई, सुगंधाबाई, नाही म्हणाल्या नाहीत. पण फोनवर बजावायला विसरल्या नाहीत.

"बाळाच्या आंगार माशी बसाक नको हां. दिसली माशी, तर त्याच दिवशी दोघांकय कट्ट्याक घेवन जातलंय."

विमलाने ते इतकं मनावर घेतलं, की घर-अंगण घासून लख्ख केलं. कोंबड्या घाण करतात म्हणून त्यांची रवानगी शेजारच्या जानकीच्या खुराड्यात झाली. आणि आज सकाळी मागीलदारी गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, भाजीची सालं टाकायला ती गेली, तर माशांचा थवाच तोंडावर आला. काठीने वरचा थर उकरला. खाली बांगड्यांची डोकी, आणि त्यांवर पांढऱ्या अळ्यांची नुसती वळवळ. गायरीपासून बाळंतिणीची खोली किती लांब? मधे फक्त स्वयंपाकघर.

वर्षानुवर्षं मासळीची डोकी-आतडी इथेच पडत होती. परसातल्या केळी त्यावरच पोसल्या. तेव्हा कधी असा प्रकार झाला नाही, मग नेमका आत्ताच का? देवीचं काही राहून गेलं का, इथपर्यंत तिच्या मनाची मजल गेली. शेवटी ती फिनेलची बाटली घेऊन धावली.

"ओतू नको गो," जानकी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाली. "तुझ्यो कोंबड्यो दिवसभर हंयच उकरायच्यो. अळयो त्योच खायच्यो. त्यांका माझ्याकडे धाडलंस, मग आता अळयो कोण खातलो?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. विमलाला स्वतःचाच राग आला. कोंबड्या परत आल्या आणि गायरीवर तुटून पडल्या. त्यांचं खाऊन झाल्यावर तिने न्हाणीच्या चुलीतली होती नव्हती ती राख वर पसरली, त्यावर सुक्या पानांचा पातेरा. अळ्या दिसेनाशा झाल्या. पण माशा कुठे एका सकाळीत जातात? त्या घोंघावतच होत्या, आणि बाहेर रिक्षा थांबली.

दिव्या बाळाला घेऊन खोलीत गेली. तिला पोचवायला आलेल्या विहीणबाई मात्र, इस्पितळातून आल्या म्हणून, पाय धुवायला थेट मागीलदारी निघाल्या. आता संपलं. विमला मच्छरदाणीशी उभी राहून रिक्षा परत बोलावल्याची हाक ऐकू येते का बघत होती. हाक येईना, आणि विहीणबाईही येईनात.

बऱ्याच वेळाने त्या आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत राखेने माखलेले.

"तुमची राख कमी पडली," त्या म्हणाल्या. "जानकीकडची एक टोपली हाडून घातलंय."

"विहीणबाई, मी उद्यापर्यंत सगळा..."

"आसांदे. माझ्या गायरीर याच्या दुप्पट माशयो आसत. म्हणान तर दिव्याक हंय धाडूक तयार झालंय."

विमला दारातच खाली बसली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर हसली. मग उठली, आणि मच्छरदाणी नीट खोचलीय का ते पुन्हा एकदा बघून आली.