डेल्मरचं बोटभर ग्रीस

डेल्मर क्रूगरचा सारा जन्म डाकोटात, धान्याच्या कोठारावरच्या यंत्रांना ग्रीस चोपडण्यात गेला. कुठे कुरकुर ऐकू आली की हात डब्याकडे गेलाच म्हणून समजा. कामातून मोकळा झाल्यावर त्याने घर विकलं आणि चाकांवरचा ट्रेलर घेतला. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, उन्हाळा उत्तरेत मुलीच्या अंगणात. मुक्कामी बटण दाबलं की ट्रेलरची एक बाजू सोफ्यासकट बाहेर सरकायची आणि बोळाची खोली व्हायची. निघताना ती आत ओढायची. बाहेर राहिली तर गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

यंदा एप्रिल तापला, शेजारी एकेक करून उत्तरेला गेले, आणि त्याची बायको फर्न म्हणाली, "माझे गुडघे संपले, डेल्मर. या खेपेलाही खोली अडली, तर ट्रेलर विकायचा."

डेल्मरने ट्रेलरकडे पाहिलं. दुसरं घर होतं कुठे? "नाही अडणार," तो म्हणाला. "आल्याआल्याच खोली सरकते त्या रुळांना बोटभर ग्रीस लावलंय."

निघायच्या सकाळी त्याने शिडीवर चढून सरकत्या खोलीचं छप्पर झाडलं. झाडाची पिवळी फुलं कडेच्या रबरात अडकली तर पावसाचं पाणी आत झिरपतं. उतरला तेव्हा धाप लागली होती. मग नेहमीची रीत: तो आत बटणापाशी, फर्न बाहेर खूण करायला हात वर करून.

मोटर कण्हली. एक टोक वीतभर आत आलं, दुसरं जागचं हललं नाही.

"थांब! वाकडी होतेय!"

त्याने बाहेर येऊन वाकून पाहिलं. हिवाळाभर उडालेली वाळू ग्रीसला चिकटून रुळांवर काळा लगदा झाला होता.

"हे काय आहे?" फर्नने विचारलं.

"वंगण."

"वंगण? हे तर सिमेंट आहे. तो शेजारी सांगत नव्हता, वाळू चिकटणार नाही असं कोरडं वंगण फवार म्हणून?"

"कोरडं वंगण म्हणे. उद्या कोरडं सूप पाजेल."

"पाजू दे. तू आता खाली शीर."

रॉकेलच्या चिंध्या घेऊन तो पाठीवर झोपला. फर्न पालथ्या बादलीवर बसून एकेक चिंधी पुढे करत राहिली. ऊन चढलं. खांदे भरून आले, हात आपोआप खाली पडू लागले.

"विकूया," गाडीखालून तो म्हणाला.

तिने पुढची चिंधी दिली.

"ऐकलंस का?"

"ऐकलं. आधी पूस."

दुपार कलली तेव्हा कुठे खोली दोन्ही टोकांनी सारखी आत आली. सोफा शेगडीला टेकला. डेल्मर पायरीवर बसला. आनंद व्हायला हवा होता, पण नुसती झोप येत होती.

"मग विकायचा ना?"

"अडली तर म्हटलं होतं मी," फर्नने थंड झालेली कॉफी त्याच्या हातात दिली. "सरकली ना आता? भांडण उत्तरेत करू. आत्ता अंगात त्राण नाही. तो डबा तेवढा टाकून ये."

डेल्मर उठला, ग्रीसचा डबा कचऱ्याच्या पिंपापाशी घेऊन गेला आणि आत टाकला. टाकण्याआधी झाकण मात्र घट्ट लावलं, आत वाळू जाऊ नये म्हणून.